देवास गेट आणि शर्यतीच्या मोटारी

उज्जयिनीस आगगाडीने येणारा यात्रेकरू स्थानकाबाहेर पडला की महाकालेश्वराच्या दर्शनापूर्वी त्याला देवास गेटची गजबज भेटते. देवास व इंदूरकडे जाणाऱ्या बसगाड्यांची ही जुनी जागा. हमालांच्या हाका, फुलांचे हारे, चहाची दुकाने आणि वाहनांचा धूर यांत उभ्या असलेल्या माणसाला सहसा हे स्मरत नाही की, येथून निघणारी वाट एके काळी चार मराठी सत्तांच्या हद्दींना स्पर्श करीत असे. उज्जयिनी शिंद्यांची, इंदूर होळकरांचे आणि देवास पवारांच्या थोरल्या व धाकट्या अशा दोन पात्यांचे. पाऊणशे किलोमीटरांच्या आतबाहेर चार राजे आणि चार खजिने! या चार खजिन्यांपैकी एकातून, १९३० च्या दशकाच्या मध्यास, जगातील अत्यंत दुर्मीळ अशा मोटारींपैकी एक विकत घेण्यात आली. ती निवड कशी झाली असेल आणि तिचा अर्थ काय, हे पाहणे केवळ मोटारींच्या शौकिनांपुरते महत्त्वाचे नाही.

इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर (दुसरे) यांचा जन्म १९०८ सालचा. वडील तुकोजीराव यांनी १९२६ मध्ये राज्यत्याग केल्यावर अवघ्या सतराव्या वर्षी ते गादीवर आले आणि १९३० मध्ये त्यांना राज्यकारभाराचे पूर्ण अधिकार मिळाले. शिक्षण इंग्लंडमध्ये झालेले. पत्नी संयोगिताराजे कागलकर घाटग्यांच्या घराण्यातील. जुन्या थाटाचा झगमगाट या तरुण दांपत्याला रुचत नव्हता. एकार्ट मुथेसियुस या जर्मन वास्तुशिल्पज्ञाकडून त्यांनी इंदुरास 'माणिकबाग' हा राजवाडा नव्या पद्धतीने उभारून घेतला आणि ब्रांकूसीसारख्या शिल्पकाराच्या कृती विकत घेतल्या. अशा रसिकाने मोटारही तितक्याच चोखंदळपणे निवडावी, हे ओघानेच आले.

त्या काळी धनिकासमोर पर्याय कोणते होते? शर्यतीसाठी जन्मलेल्या, परंतु रस्त्यावरही चालविता येतील अशा मोटारी बनविणारे कारखाने मोजकेच होते आणि प्रत्येकाचा स्वभाव निराळा होता. इंग्लंडच्या बेंटलीने फ्रान्समधील ल माँ येथील चोवीस तासांची शर्यत १९२४ मध्ये आणि पुढे १९२७ पासून सलग चार वर्षे जिंकली होती. इटलीच्या अल्फा रोमिओची, वित्तोरियो यानो यांनी आखलेली आठ सिलिंडरांची गाडी १९३१ पासून सलग चार वर्षे तेथेच विजयी झाली. आल्सासमधील मोल्सहाइम गावच्या बुगात्तींनी सिसिलीच्या डोंगरवाटांवरील तार्गा फ्लोरियो ही शर्यत १९२५ ते १९२९ अशी पाच वर्षे कुणाला जिंकू दिली नाही. जर्मनीच्या मर्सिडीझची, सात लिटरांच्या इंजिनाची एस. एस. के. ही गाडी तर चाळिशीच्या आतच तयार झाली. आणि अटलांटिकपलीकडे, इंडियानापोलिस येथे, ड्यूझेनबर्ग बंधूंचा कारखाना होता. त्यांच्या गाड्यांनी तेथील पाचशे मैलांची शर्यत १९२४, १९२५ व १९२७ अशी तीनदा जिंकली होती.

या गाड्या थोड्या का होत्या, याचे कारण केवळ किंमत नव्हे. पुष्कळदा शर्यतीचा नियमच त्यांना जन्म देई. बेंटलीच्या साडेचार लिटर गाडीला सुपरचार्जर, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा, बसवावा असा आग्रह टिम बर्किन या शर्यतपटूने धरला. स्वतः डब्ल्यू. ओ. बेंटली यांचा त्याला विरोध होता. इंजिनाला वरून जोर देण्यापेक्षा इंजिनच मोठे करावे, हे त्यांचे मत. परंतु ल माँ येथे अशी गाडी उतरवायची तर तिच्यासारख्या पन्नास गाड्या विक्रीसाठी तयार करणे भाग होते. त्या पन्नास तयार झाल्या. त्यांनी ल माँची शर्यत कधीच जिंकली नाही आणि १९३१ मध्ये तर बेंटलीचा कारखानाच रोल्स-रॉइसच्या हाती गेला. दुर्मीळ वस्तू घेणाऱ्याने हा धोका ध्यानात घ्यावाच लागे; कारण कारखाना बुडाला की गाडीचा सुटा भाग मिळणेही दुरापास्त होई.

यशवंतरावांनी निवडली ती ड्यूझेनबर्ग 'एस. जे.'. तिचे गुण पाहिले म्हणजे या निवडीमागील तर्क समजू शकतो. मूळची 'जे' गाडी १९२८ मध्ये बाजारात आली. जवळजवळ सात लिटरांचे आठ सिलिंडरांचे इंजिन, प्रत्येक सिलिंडरास चार झडपा आणि कारखान्याच्या दाव्यानुसार २६५ अश्वशक्ती. सुपरचार्जर जोडल्यावर हा आकडा ३२० वर गेला. १९३५ मध्ये अ‍ॅब जेंकिन्स याने अशाच यंत्राची गाडी बॉनव्हिलच्या मिठाच्या मैदानावर अहोरात्र चालवून चोवीस तासांत ताशी १३५ मैलांची सरासरी गाठली. अल्फा आणि बुगात्ती या चपळ हरिणांसारख्या गाड्या होत्या. त्यांच्यापुढे ही म्हणजे हत्तीच, परंतु घोड्याच्या चालीने धावणारा हत्ती. तिच्या पुढच्या व मागच्या चाकांमधील अंतरच बारा फुटांच्या घरात असे. एवढा पल्ला असल्यामुळे ती खडबडीत रस्त्यावर दूरच्या प्रवासालाही उपयोगी पडण्याजोगी होती.

कारखाना केवळ इंजिन व चॅसी देई. वरचा साज गिऱ्हाइकाने आपल्या पसंतीच्या कारागिराकडून चढवून घ्यावयाचा. होळकरांची चॅसी लंडनच्या गर्नी नटिंग यांच्याकडे गेली आणि तेथे नारिंगी व काळ्या रंगाची, लांबच लांब बॉनेटची, उघडी मोटार घडली. यंत्र अमेरिकेचे, पेहराव इंग्लंडचा आणि धनी माळव्याचा! ती गाडी आजही जतन केलेली असून मोटारींच्या इतिहासात तिचे नाव इंदूरच्या नावासह घेतले जाते.

आता चित्राची दुसरी बाजू पाहिली पाहिजे. माळव्याची जमीन काळी, चिकट. पावसाळ्यात तिच्यात बैलगाडीचे चाक रुतले तर चार माणसांच्या खांद्यांवाचून निघत नसे. ताशी सव्वाशे मैल धावण्यासाठी घडविलेले यंत्र या भूमीत कोठे धावणार? त्याचा खरा रस्ता पॅरिस किंवा लंडनच्या बाहेरचा. आणि त्याचे मोल मात्र इंदूरच्या महसुलाच्या बळावर. येथेच निवडीचा प्रश्न यंत्राचा न राहता माणसाचा होतो. कोणती गाडी अधिक वेगवान, हे घड्याळ सांगू शकते. ती कुणाच्या पैशाने घ्यावी, हे घड्याळ सांगत नाही. बुरूज बांधावयास घेण्यापूर्वी बसून खर्चाचा हिशेब करावा, असा एक दृष्टान्त ख्रिस्ताने शुभवर्तमानात दिलेला आहे. संस्थानी अमदानीत हा हिशेब राजा करी आणि तो मागण्याचा अधिकार रयतेला क्वचितच असे.

हा हिशेब चुकला म्हणजे काय होते, हे पाहण्यासाठी देवास गेटवरून फार दूर जावे लागत नाही. देवासच्या थोरल्या पातीचे महाराज तुकोजीराव पवार हे बुद्धिमान, भाविक आणि लोभस गृहस्थ. १९२१ मध्ये त्यांचे खाजगी चिटणीस म्हणून राहिलेले इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर यांनी पुढे १९५३ मध्ये 'द हिल ऑफ देवी' या पुस्तकात त्यांचे ममतेने चित्रण केले. परंतु संस्थानाचा खर्च आवाक्याबाहेर गेला, राजवाड्याचे नवे बांधकाम अपुरे राहिले आणि अखेर १९३३ मध्ये महाराज राज्य सोडून फ्रेंचांच्या पाँडिचेरीस निघून गेले. तेथेच १९३७ मध्ये त्यांचे निधन झाले. इंदूर देवासपेक्षा कितीतरी संपन्न होते, म्हणून तेथे तशी वेळ आली नाही. एवढाच काय तो फरक.

त्याच १९३७ साली ड्यूझेनबर्गचा कारखाना बंद पडला. फ्रेड ड्यूझेनबर्ग त्याआधीच, १९३२ मध्ये, एस. जे. गाडी चालवीत असता झालेल्या अपघातानंतर वारले होते. त्याच १९३७ मध्ये महाराणी संयोगिताराजे यांचेही परदेशी देहावसान झाले. १९४८ मध्ये शिंदे, होळकर आणि पवार यांची संस्थाने मध्यभारतात विलीन झाली. यशवंतराव १९६१ मध्ये निवर्तले. १९७१ मध्ये तनखेही संपले. माणिकबागेत पुढे केंद्रीय अबकारी खात्याचे कार्यालय थाटले गेले. ज्या वास्तूत रयतेच्या महसुलातून कलाकृती सजल्या, तेथेच कराचा हिशेब ठेवला जाऊ लागला.

मग या शर्यतीच्या गाड्यांपासून सामान्य माणसास काहीच लाभले नाही काय? तसेही म्हणता येणार नाही. १९२१ मध्ये फ्रान्सची ग्रां प्री शर्यत जिमी मर्फी याने ड्यूझेनबर्ग गाडीतून जिंकली, तेव्हा तिला चारही चाकांवर द्रवाच्या दाबाने चालणारे ब्रेक होते. त्याच वर्षी ड्यूझेनबर्ग बंधूंनी ते आपल्या विक्रीच्या गाडीसही बसविले. बुगात्ती मात्र तारांनी ओढावयाच्या ब्रेकांना १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंत चिकटून राहिले. काळाने कौल दिला तो द्रवाच्या बाजूने. आज देवास गेटवरून इंदूरकडे निघालेली साधी टॅक्सी, पुढे अचानक गाय आडवी आली असता जागच्या जागी थांबते, ती याच युक्तीच्या आधारे.

राजाची गाडी एकाची होती. तिच्या कुळातील हा ब्रेक सर्वांचा झाला. वेगाचा शौक थोड्यांचा असतो, पण योग्य क्षणी थांबण्याची गरज प्रत्येकास असते, मग तो संस्थानिक असो, यात्रेकरू असो वा टॅक्सीवाला. माळव्यातील त्या चार खजिन्यांचा इतिहासही याहून वेगळे काही सांगत नाही.