बोरघाटाच्या छायाचित्रांची कुळकथा

पळसदरीहून खंडाळ्याकडे चढणारा रेल्वेमार्ग बांधला जात होता, त्या दिवसांतली म्हणजे १८६० च्या आसपासची छायाचित्रं आता दुर्मीळ कलावस्तू मानली जातात. त्यातली महत्त्वाची छायाचित्रं ॲलिस ट्रेडवेल यांनी काढली. उघडे कडे, कमानींचे पूल, बोगद्यांची तोंडं बघून डोळा सुखावतो, आणि म्हणून ती निसर्गचित्रांच्या रांगेत बसवली जातात. मला ही जागा चुकीची वाटते. या चित्रांचं कूळ कंत्राटाच्या कागदपत्रांत शोधावं लागतं. काम किती झालं हे दाखवणाऱ्याची ती नजर आहे, आणि ती तशी ओळखली तरच चित्रात काय आलं आणि काय राहिलं याचा हिशेब मांडता येतो.

मे १८५६ मध्ये रेल्वे खोपोलीपर्यंत आली आणि घाटाच्या पायथ्याशी अडली. पुढचा प्रवास १८३० साली खुल्या झालेल्या घाटरस्त्यानं, पालखीतून नाहीतर गाडीतून करावा लागे. वर खंडाळा ते पुणे गाडी १८५८ मध्ये सुरू झाली, तरी मधला डोंगर तसाच होता. जेम्स बर्कली या मुख्य अभियंत्यानं आखलेली चढण सुमारे सोळा मैलांची, १,८३१ फूट उंची गाठणारी, २५ बोगद्यांची. सर्वांत कठीण ठिकाणी दर ३७ फुटांना एक फूट चढ. पहिला कंत्राटदार फॅविएल. त्याच्या कारकिर्दीत, जानेवारी १८५९ मध्ये, मजूर युरोपीय देखरेख्यांवर चालून गेले. थकलेली मजुरी हे त्याचं कारण चौकशीत पुढे आलं. फॅविएलनं मार्चमध्ये काम सोडलं. मग सॉलोमन ट्रेडवेल आले आणि १८५९ संपण्याआधीच आजारानं वारले. कंत्राट त्यांच्या पत्नीनं, म्हणजे छायाचित्रं काढणाऱ्या ॲलिस यांनी, पुढे चालवलं. प्रत्यक्ष बांधकाम ॲडमसन आणि क्लाउझर या अभियंत्यांकडे सोपवलं, पण जबाबदारी ॲलिसबाईंचीच राहिली. २१ एप्रिल १८६३ रोजी गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या हस्ते मार्ग खुला झाला. परक्या मुलखात नवरा गमावलेल्या बाईनं हजारो माणसांचं काम तडीस नेलं, हे थोर आहे आणि ते निःसंकोच म्हटलं पाहिजे. पण १८६१ च्या सुमारास बेचाळीस हजारांवर गेलेल्या त्या माणसांचं काय?

इथे छायाचित्रणाचा जाणकार आक्षेप घेईल. त्या काळी काचेवर कोलोडियनचा थर द्यायचा, ती ओली असतानाच चित्र घ्यायचं आणि लगेच अंधाऱ्या तंबूत धुवायची. काच कित्येक सेकंद उघडी राहायची, त्यामुळे हलणारा माणूस धूसर व्हायचा किंवा उमटायचाच नाही. मग मजूर दिसत नाहीत याचा दोष नजरेला का द्यायचा? आक्षेप अर्धा खरा आहे. घण मारणारा हात त्या काचेवर येणं शक्य नव्हतं. पण स्थिर उभं राहिलेलं माणूस येऊ शकत होतं, आणि अशा बांधकामचित्रांत ते आलं की बहुतेक वेळा कमानीची उंची कळावी म्हणून उभं केलेलं असतं. तंत्रानं हालचाल पुसली हे मान्य. त्या माणसाचं नाव चित्राखाली लिहायला मात्र तंत्राची आडकाठी नव्हती. पुलांची नावं आपल्याला माहीत आहेत, गवंड्यांची नाहीत.

दगडाच्या बाबतीतही हेच. जुलै १८६७ मध्ये, मार्ग सुरू होऊन चारच वर्षं झाली असताना, घाटातला माउकीमळीचा पूल कोसळला. त्यानंतरच्या चौकशीत हा मार्ग बांधणाऱ्या जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेच्या अनेक पुलांचं दगडकाम निकृष्ट निघालं. छायाचित्रात दर्शनी चिरे दिसतात. आतली भर आणि चुन्याची प्रत दिसत नाही. कंत्राटाची पावती म्हणून ही चित्रं वाचायची ती यासाठी. पावती खोटी नसते, पण ती देणाऱ्याच्या बाजूनं लिहिलेली असते.

दुसरी बाजू, म्हणजे राबणाऱ्यांची, घाटाच्या पायथ्याच्या खालापूरकरांनी आपल्या परीनं सांभाळली आहे. जुन्या महामार्गावर घाटात शिंगरोबाचं देऊळ आहे. घाटाची वाट दाखवणाऱ्या धनगराला साहेबानंच मारलं, अशी त्याची कथा. गाडीवाले आजही तिथे हात जोडतात. इतिहासाचा अभ्यासक म्हणेल, मार्गाची पाहणी अभियंत्यांनी केल्याचे कागद आहेत, धनगराचा कागद कुठे आहे? बरोबर आहे, आणि ही कथा पाहणीचा पुरावा म्हणून मी मांडतही नाही. पण घाटाचं श्रेय कुणाला मिळालं आणि किंमत कुणी मोजली, याबद्दल इथल्या लोकांचं काय मत बनलं, त्याचा हा भक्कम पुरावा आहे. १८५९ च्या उठावानंतर सरकारला १८६० मध्ये मालक-मजूर तंट्यांसाठी कायदा करावा लागला. म्हणजे लोकांचं हे मत निराधार नव्हतं, हे सरकारी दप्तरच सांगतं.

म्हणून ही चित्रं केवळ संग्राहकांच्या कपाटात राहू नयेत. कर्जत स्थानकात घाट चढण्यासाठी मागून इंजिनं जोडेपर्यंत गाडी थांबते. तिथल्या फलाटावर त्यांच्या मोठ्या प्रती लावाव्यात. खाली ॲलिसबाईंचं नाव असावं, १८५९ च्या थकलेल्या मजुरीची हकिगत असावी, आणि पळसदरी, ठाकूरवाडी, जामरुंग ही इथल्या माणसांच्या तोंडातली गावं ज्या त्या चित्राखाली लिहिलेली असावीत.