वसई-विरार : लोकवस्ती आणि निसर्ग

महाराष्ट्राच्या पालघर जिल्ह्यातील (१ ऑगस्ट २०१४ पूर्वी ठाणे जिल्ह्यातील) वसई तालुक्याचा समुद्रालगतचा नागरी प्रदेश. दक्षिणेस उल्हास नदीच्या मुखाशी पसरलेली वसईची खाडी, उत्तरेस वैतरणेची खाडी, पश्चिमेस अरबी समुद्र आणि पूर्वेस तुंगारेश्वराची डोंगररांग अशी चतुःसीमा निसर्गानेच आखून दिल्यामुळे, मुंबईच्या इतक्या निकट असूनही या मुलखाची शेती, बोली व चालीरीती दीर्घकाळ आपल्या वळणाने चालत राहिल्या.

नालासोपारा हेच प्राचीन शूर्पारक बंदर होय. अशोकाच्या शिलाशासनाचे अवशेष तेथे मिळाले असून १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तेथील स्तूपाचे उत्खनन केले. १५३४ पासून १७३९ पर्यंत वसईवर पोर्तुगीजांचा अंमल होता. चिमाजी अप्पांनी ती जिंकून घेतल्यानंतरही येथील ख्रिस्ती समाज आपल्या वाड्यांत आणि आपल्या मराठी बोलींत तसाच नांदत राहिला, ही गोष्ट प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने किल्ल्याच्या तटबंदीपेक्षा अधिक महत्त्वाची आहे. कारण वाडवळ, सामवेदी, कोळी, आगरी, भंडारी इत्यादी हिंदू व ख्रिस्ती समाजांनी पिढ्यान्पिढ्या कसलेली ही वाडीची जमीन हाच पुढील सर्व वादांचा विषय झाला.

निर्मळ, गास, भुईगाव, आगाशी, अर्नाळा ही गावे ज्या वालुकामिश्रित पट्ट्यावर वसली आहेत, त्या पट्ट्यात पावसाचे गोडे पाणी मुरते आणि खालच्या खाऱ्या पाण्याहून हलके असल्यामुळे त्याच्यावर थर धरून राहते. या पातळ थरावरच वसईची सारी बागायत उभी राहिली. तो थर राखण्याचे साधन म्हणजे बावखल. वाडीच्या सखल भागात उथळ खड्डा खणावयाचा, निघालेली माती घराच्या जोत्यास किंवा वाफ्यांना घालावयाची, पावसाळ्यात तो तुडुंब भरू द्यावयाचा आणि पुढे रहाटाने पाणी उपसून पाटावाटे केळी, पानवेल व फुलझाडांना द्यावयाचे, अशी ही व्यवस्था होती. बावखलात मासे असत, काठावर बगळे आणि खंड्या येत. आणि त्यातून पाझरणाऱ्या पाण्याने शेजारच्या विहिरी गोड राहत. राजेळी केळी सोलून उन्हात वाळवून केलेली आगाशीची सुकेळी, तसेच सोनचाफा, मोगरा व वसईचे पान यांचा लौकिक या पाण्यामुळेच झाला. पहाटेच्या लोकलच्या मालडब्यात फुलांच्या आणि भाजीच्या टोपल्या चढवून दादरचा बाजार गाठणाऱ्या वसईकर स्त्रिया या अर्थव्यवस्थेचा कणा होत्या व काही अंशी अद्यापही आहेत.

विरारहून मुंबईस जाणारी गाडी १८६७ मध्ये सुरू झाली आणि १९३६ मध्ये विरारपर्यंत विद्युतीकरण झाले. तथापि केवळ रेल्वेने येथील लोकसंख्या वाढली असे म्हणणे इतिहासास धरून होणार नाही, कारण त्यानंतरही कित्येक दशके हा प्रदेश बागायतीचाच राहिला. मुंबईत घर घेणे सामान्य मनुष्याच्या आवाक्याबाहेर गेले, तेव्हा खरा लोंढा आला. १९९० मध्ये सिडकोकडे या क्षेत्राचे नियोजन सोपविण्यात आले, परंतु शेतजमिनी बिगरशेती करण्याचा वेग नियोजनाहून नेहमीच अधिक राहिला. २००१ च्या जनगणनेत नालासोपारा, विरार, नवघर-माणिकपूर आणि वसई या चार नगरपालिकांची मिळून लोकसंख्या सुमारे ४ लाख ७० हजार होती. ३ जुलै २००९ रोजी या चारही नगरपालिका व ५३ ग्रामपंचायती एकत्र करून महानगरपालिका स्थापन झाली आणि २०११ मध्ये तिची लोकसंख्या १२,२२,३९० भरली. हे दोन आकडे शेजारी ठेवून दहा वर्षांत वस्ती अडीचपट झाली असे सर्रास सांगितले जाते; दुसऱ्या आकड्यात गावांचाही समावेश आहे हे ध्यानात घेतल्यास ते विधान सैल ठरते, मात्र वाढ असाधारण होती याविषयी दुमत नाही.

एवढ्या वस्तीची पहिली गरज पाण्याची. बांधकामासाठी आणि नव्या इमारतींसाठी विहिरींचे पाणी टँकरने विकले जाऊ लागले, तेव्हा उपशाबरोबर समुद्राचे खारे पाणी आत सरकून बागायतीच्या विहिरी मचूळ होऊ लागल्या. याविरुद्ध फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखाली हरित वसई संरक्षण समितीने उभारलेला लढा हा महाराष्ट्रातील पर्यावरणविषयक चळवळींच्या इतिहासात मानाने नोंदला जावा असा आहे. पुढे सूर्या नदीच्या धरणातून पाणी आणण्यात आले. मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या योजनेत दररोज ४०३ दशलक्ष लिटर पाण्यापैकी १८५ दशलक्ष लिटर वसई-विरारच्या आणि २१८ दशलक्ष लिटर मिरा-भाईंदरच्या वाट्यास येते. मूळ प्रकल्प मात्र सिंचनासाठी होता. त्यामुळे पालघर, डहाणू, विक्रमगड भागातील आदिवासी व शेतकरी यांनी या वाटपास विरोध केला. शहराची तहान भागली, तर तंटा नदीच्या वरच्या अंगास गेला.

दुसरा प्रश्न पाणी येण्याचा नसून जाण्याचा आहे. पूर्वेचे डोंगर आणि पश्चिमेचा वाळूचा उंचवटा यांच्यामध्ये भातखाचरे, खाजणे व मिठागरे यांचा सखल पट्टा आहे. डोंगरावरून आलेले पाणी भरती ओसरेपर्यंत येथे थांबत असे. रेल्वेच्या दोन्ही अंगांस नवी वस्ती भराव टाकून नेमकी याच पट्ट्यात वाढली. जुलै २०१८ मध्ये तिची किंमत कळली : नालासोपाऱ्याजवळ रूळ पाण्याखाली जाऊन लोकल सेवा बंद पडली, लांब पल्ल्याच्या गाडीतील प्रवाशांची सुटका करावी लागली आणि वसईच्या मिठागरांतील कामगार कुटुंबे पुरात अडकली. त्यानंतर तज्ज्ञांनी पाणी साठवून धरणारे तलाव सुचविले. तोवर असंख्य बावखले बुजविली गेली होती.

पूर्वेकडील तुंगारेश्वर हे २००३ मध्ये अभयारण्य घोषित झाले. सुमारे ८५ चौरस किलोमीटरचे हे वन संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आणि तानसा अभयारण्य यांना जोडणारा दुवा असून बिबट्याचे वास्तव्य येथे आहे.

महापालिकेत समाविष्ट होण्यास बागायती गावांनी कडवा विरोध केला. करापेक्षाही आपल्या वाड्यांवर अकृषिक आरक्षणे येतील ही भीती त्यामागे होती. २०११ मध्ये शासनाने २९ गावे वगळण्याचा निर्णय घेतला, परंतु प्रकरण उच्च न्यायालयात गेल्याने तो वर्षानुवर्षे अधांतरी राहिला. पूर्वेकडे परिस्थिती याच्या उलट होती : तेथे आरक्षण होते, पण त्याचा मान कोणी राखला नाही. नालासोपारा पूर्वेस सांडपाणी प्रकल्प व कचराभूमी यांसाठी राखून ठेवलेल्या जागेवर ४१ अनधिकृत इमारती उभ्या राहिल्या, त्यांतील सदनिका मध्यम व गरीब कुटुंबांस विकल्या गेल्या, आणि न्यायालयाच्या आदेशाने २०२४ च्या अखेरीपासून २०२५ च्या आरंभापर्यंत त्या पाडण्यात आल्या, तेव्हा सुमारे अडीच हजार कुटुंबे बेघर झाली.