माध्यमिक विद्यार्थ्यांचे संशोधन प्रकल्प: चामराजपेटच्या विहिरींतला प्रश्न

बंगळुरूच्या जुन्या भागातील चामराजपेट ही वसाहत १८९२ मध्ये आखण्यात आली. म्हैसूरचे महाराज दहावे चामराजेंद्र वोडेयर यांचे नाव तिला देण्यात आले. त्यानंतर चार वर्षांनी, १८९६ मध्ये, हेसरघट्टा तलावाचे पाणी नळाने शहरात आले. या पाणीयोजनेलाही त्याच महाराजांचे नाव होते. तोपर्यंत बंगळुरूची तहान तळी आणि विहिरी भागवीत असत. नळ आल्यानंतर या विहिरींचे काय झाले, जुन्या घरांच्या परसात त्यांतील किती शिल्लक आहेत आणि त्यांच्या पाण्याची अवस्था काय आहे, हा नववी-दहावीच्या विद्यार्थ्याने हाती घ्यावा असा प्रश्न आहे. त्याचे उत्तर पाठ्यपुस्तकात नाही आणि शिक्षकांनाही ठाऊक नसते. स्वतंत्र संशोधन प्रकल्पाची पहिली अट नेमकी हीच आहे.

शाळांमधून ‘प्रकल्प’ हा शब्द फार सैलपणे वापरला जातो. ज्वालामुखीची प्रतिकृती किंवा चित्रे चिकटवलेली वही यांनाही प्रकल्पच म्हटले जाते. चामराजपेटपासून जवळच असलेल्या सदर पत्रप्पा रस्त्यावरील बाजारात विद्युत उपकरणांचे सुटे भाग मिळतात, तसे जोडणीचे तयार संचही मिळतात. असा संच जोडण्यात कौशल्य असते, मात्र त्याचे फलित आधीच ठरलेले असल्याने त्याला संशोधन म्हणता येत नाही.

हा फरक ओळखून देशात जे उपक्रम सुरू झाले, त्यांत राष्ट्रीय बालविज्ञान परिषद प्रमुख आहे. केंद्र सरकारच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाच्या पाठबळाने १९९३ मध्ये तिचा आरंभ झाला. १० ते १७ वर्षे वयोगटातील मुलांनी आपल्या परिसरातील समस्या निवडावी, स्वतः निरीक्षणे घ्यावीत आणि निष्कर्ष तज्ज्ञांपुढे मांडावेत, असे तिचे स्वरूप आहे. पूर्वी पाच मुलांचा गट असे, पुढे तो दोघांचा करण्यात आला. शाळेबाहेरील मुलांनाही तिचे दार खुले ठेवण्यात आले आणि मांडणी भारतीय भाषांतून करण्याची मुभा देण्यात आली. ही मुभा दिसते त्याहून मोलाची आहे. घरात मराठी, रस्त्यावर कन्नड आणि शाळेत इंग्रजी बोलणाऱ्या बंगळुरूतील मुलाला ती विशेष उपयोगी पडते. कर्नाटकात या परिषदेचे काम कर्नाटक राज्य विज्ञान परिषदेने पाहिले. राष्ट्रीय अधिवेशन २०१४ मध्ये बंगळुरूत आणि २०१६ मध्ये बारामतीत भरले होते.

महाराष्ट्रातील पालकांना डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा अधिक परिचित आहे. बृहन्मुंबई विज्ञान अध्यापक मंडळाने १९८१ मध्ये सुरू केलेल्या या स्पर्धेत सहावी आणि नववीचे विद्यार्थी भाग घेतात. लेखी व प्रात्यक्षिक परीक्षेच्या पुढच्या टप्प्यात कृती संशोधन प्रकल्प असतो.

विहिरींच्या प्रश्नाकडे वळायचे, तर पहिले काम नकाशाचे आहे. संपूर्ण चामराजपेट दोन मुलांच्या आवाक्यातले नाही. एक-दोन आडरस्ते निवडणे श्रेयस्कर ठरते. घरोघरी विचारून विहीर वापरात आहे, बुजवली आहे की झाकून ठेवली आहे, याची नोंद करावी लागते. घरातील वृद्ध मंडळींच्या आठवणी येथे कामी येतात, पण आठवण आणि मोजमाप यांचे रकाने वेगळे ठेवणे आवश्यक असते.

पाण्याची पातळी मोजण्यास वजन बांधलेली टेप पुरते. मोजणी दर आठवड्याला त्याच वेळी, शक्यतो सकाळी पंप सुरू होण्यापूर्वी आणि कठड्याच्या त्याच खुणेपासून करावी. प्रत्येक वेळी तीन वाचने घ्यावीत आणि सोबत मोठी व्यक्ती असावी. विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण छोट्या मीटरने कळते. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात ते प्रतिलिटर ५०० मिलिग्रॅमपर्यंत स्वीकारार्ह मानले जाते. मात्र मीटरचा आकडा कमी आला म्हणून पाणी पिण्यायोग्य ठरत नाही, कारण त्यातून जंतूंविषयी काहीच समजत नाही. अनेक प्रकल्प येथेच चुकतात. मैलापाण्याच्या मिसळीचा संशय तपासण्यासाठी हायड्रोजन सल्फाइड पट्टीची चाचणी आहे. ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञांनी ती १९८२ मध्ये प्रसिद्ध केली. बाटलीतील पाणी काळे पडले की धोक्याची सूचना मिळते. या बाटल्या घरी न ठेवता शाळेच्या प्रयोगशाळेत, शिक्षकांच्या देखरेखीखालीच हाताळाव्यात.

याच प्रश्नाला पावसाची जोड देता येते. बंगळुरूत २००९ मध्ये ठरावीक आकारापेक्षा मोठ्या जागांवर पर्जन्यजल संकलन सक्तीचे करण्यात आले. एक चौरस मीटर छतावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी जमा होते. ४० बाय ६० फुटांचे छत सुमारे २२३ चौरस मीटरचे होते आणि शहरात वर्षाला सरासरी ९७० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. म्हणजे अशा एका छतावर वर्षाला दोन लाख लिटरहून अधिक पाणी पडते. त्यातील किती जमिनीत मुरते आणि किती गटारात जाते, हे रस्त्यावर उभे राहूनच पाहावे लागते. २०२४ च्या उन्हाळ्यात शहराने तीव्र पाणीटंचाई अनुभवली. त्यामुळे हा प्रश्न केवळ गुणांपुरता राहत नाही.

अशा प्रकल्पात जबाबदारीही येते. एखाद्या घराची विहीर दूषित आढळली, तर ती माहिती प्रथम त्या कुटुंबाला द्यावी. अहवालात घरमालकाचे नाव न देता केवळ क्रमांक द्यावा आणि मोजणीपूर्वी परवानगी घ्यावी. पालकांचा मोहही आवरावा लागतो. आलेख पालकांनी काढला आणि भाषण पाठ करून घेतले, तर परीक्षकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या प्रश्नातच ते उघड होते. पावसानंतर पातळी वाढेल असे गृहीत धरले आणि ती वाढली नाही, तर आकडे ‘दुरुस्त’ करण्याची इच्छा होते. वास्तविक न वाढलेली पातळीच अधिक बोलकी असते. भोवतालची जमीन काँक्रीटने बंद झाली आहे का, शेजारी खोल कूपनलिका आहे का, हे पुढचे प्रश्न तिच्यातूनच सुचतात. नोंदवही तारखेनिशी आणि खाडाखोडीसह जशीच्या तशी जपण्याचा आग्रह त्यासाठीच धरला जातो.

संदर्भसाहित्य दूर नाही. कन्नड साहित्य परिषदेचे ग्रंथालय चामराजपेटमध्येच आहे. शेजारच्या बसवनगुडीत नॅशनल कॉलेजच्या आवारात डॉ. एच. नरसिंहय्या यांनी १९६२ मध्ये बंगलोर सायन्स फोरम सुरू केला.

वेळापत्रक मात्र निसर्गाचे आहे. विहिरीची पातळी उन्हाळ्याच्या अखेरीस सर्वांत खाली जाते आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या जोरदार पावसानंतर तिची तुलना करता येते. शाळा उघडल्यावर विषय ठरवणाऱ्यांच्या हातून निम्मी आकडेवारी निसटलेली असते. पहिली नोंद एप्रिलच्या सुटीतच व्हायला हवी.