नदीचे मुख: वाचण्याचे आणि पाहण्याचे

मालवण तालुक्यातील देवबाग येथे कर्ली नदी समुद्राला मिळते. या संगमाजवळ वाळूचा एक उंचवटा आहे. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर तो वर आला अशी लोकांची समजूत आहे, आणि त्यामुळे त्याला 'त्सुनामी आयलंड' हे नाव पडले. पर्यटक होडीतून तेथे जातात, घोटाभर पाण्यात उभे राहतात, छायाचित्रे काढतात आणि परततात. या दृश्यात आक्षेपार्ह असे काही नाही. परंतु इतिहासाच्या दृष्टीने त्यात एक मोठी उलथापालथ दडलेली आहे. नदीच्या मुखाशी साचणारी वाळू ही शतकानुशतके कोकणातील दर्यावर्दी माणसाची सर्वांत मोठी चिंता होती. बंदरे तिने बुडवली, जहाजे तिने अडवली. आज तीच वाळू तिकीट काढून पाहण्याची वस्तू झाली आहे. हा बदल कसा घडला आणि त्यात आपण काय गमावले, याचा विचार आम्ही प्रस्तुत लेखात करू इच्छितो.

जहाजावरून नदीचे नैसर्गिक रूप पाहून ते लिहून ठेवण्याची परंपरा पश्चिम किनाऱ्यावर फार जुनी आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिलेल्या 'पेरिप्लस' या ग्रंथाचा अज्ञात कर्ता व्यापारी होता, आणि त्याने नर्मदेच्या मुखाचे वर्णन मोठ्या धास्तीने केले आहे. भडोचला जाणाऱ्या जहाजांपुढे उथळ वाळूचे पट्टे आहेत, भरतीचे पाणी प्रचंड आवाज करीत आत घुसते आणि अनभिज्ञ माणसाचे जहाज उलथून टाकते, असे तो सांगतो. त्याच्या माहितीतील सर्वांत मोलाचा भाग मात्र पुढे येतो. राजाच्या सेवेतील स्थानिक कोळी आपल्या होड्या घेऊन पार सौराष्ट्राच्या किनाऱ्यापर्यंत जहाजांना सामोरे जात, त्यांना ओढून आत आणीत. भरती सुरू होताच निघावयाचे आणि ओहोटी लागताच ठराविक खोल जागी नांगर टाकून थांबावयाचे, असा त्यांचा क्रम होता. म्हणजे परक्या व्यापाऱ्याला जे भयचकित करणारे दृश्य वाटले, ते स्थानिक नावाड्याच्या लेखी वेळापत्रक होते. पाहणे आणि वाचणे यांतील भेद येथेच प्रथम स्पष्ट होतो.

सोळाव्या शतकात हेच काम पोर्तुगीजांनी पद्धतशीरपणे केले. पुढे गोव्याचा गव्हर्नर झालेला दों जुआंव द काश्त्रु १५३८-३९ मध्ये आरमाराबरोबर गोव्याहून दीवला गेला. या प्रवासात त्याने नद्यांच्या मुखांचे आराखडे काढले, पाण्याची खोली मोजली आणि भरती-ओहोटीच्या वेळा नोंदवल्या. त्याला सौंदर्यदृष्टी नव्हती असे नव्हे; त्याची चित्रे आजही देखणी वाटतात. पण प्रत्येक चित्रामागे एक व्यावहारिक प्रश्न उभा होता: या नदीत जहाज शिरू शकेल काय, आणि शिरले तर कोणत्या घटकेला? मांडवीच्या मुखाशी, आग्वादजवळ, नैर्ऋत्य मोसमी वाऱ्याच्या काळात वाळूचा पट्टा वाट अडवी. साम्राज्याच्या पूर्वेकडील राजधानीचे दार त्या चार महिन्यांत निसर्गच लावून घेत असे, आणि मोठ्या जहाजांना जुवारीच्या मुखावरील मुरगावचा आसरा घ्यावा लागे.

या पट्ट्यांची घडण समजून घेणे अवघड नाही. सह्याद्री समुद्रापासून जवळ असल्याने कोकणातील नद्या आखूड आणि वेगवान आहेत. सिंधुदुर्गात वर्षाला ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तो बहुतांशी जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. जांभ्या दगडाची तांबडी माती आणि वाळू घेऊन नदी खाली येते. मुखाशी तिचा वेग मंदावतो. समोरून लाटा येतात. दोन्ही शक्ती जेथे एकमेकींना थोपवतात तेथे वाळू खाली बसते. त्यात सुमारे १२ तास २५ मिनिटांच्या अंतराने येणारी भरती. खंभातच्या आखातात तिची उंची सुमारे दहा मीटरपर्यंत जाते. गोव्याच्या किनाऱ्यावर ती दोन मीटरच्या आसपास राहते. म्हणून पेरिप्लसकर्त्याने पाहिलेली गर्जना आमच्या खाड्यांत ऐकू येत नाही. येथील भरती गुपचूप शिरते आणि उन्हाळ्यात खारे पाणी घेऊन फार आत जाते. मांडवी-जुवारीत तिचा परिणाम मुखापासून सुमारे ५० किलोमीटरपर्यंत जाणवतो.

या भरतीच्या पाठीवर बसूनच कोकणचा व्यापार आत जात असे. जुनी महत्त्वाची बंदरे समुद्रकाठी नव्हती, ती खाडीच्या टोकाशी होती: सावित्रीवर महाड, वाशिष्ठीवर चिपळूण, वाघोटनच्या खाडीवर खारेपाटण, तेरेखोलवर बांदे. घाटावरून बैलांच्या पाठीवर आलेला माल जेथे गलबतात चढवता येई, ते खरे बंदर. सोळाव्या शतकाच्या आरंभी दुआर्ते बार्बोझाने बांद्याची नोंद नदीवरील व्यापारी नगर म्हणून केली आहे. मलबाराशी आणि देशाच्या अंतर्भागाशी तेथून व्यापार चाले. आज बांदे हे महामार्गावरील एक गाव म्हणून ओळखले जाते, बंदर म्हणून नाही. राजापूरची कथा याहून बोलकी आहे. इंग्रजांनी सतराव्या शतकात जेथे वखार घातली, त्या राजापुराविषयी १८८० च्या मुंबई गॅझेटिअरमध्ये असे नमूद आहे की, अरबांची गलबते अजून थेट या बंदराशी व्यापार करतात खरी, पण जुन्या दगडी धक्क्यापासून तीन मैलांच्या आत कोणतेही मोठे जहाज येऊ शकत नाही. धक्का जागेवर होता, पाणी मात्र निघून गेले होते. बंदरांचा ऱ्हास म्हटला की आपण स्वाऱ्या, तह, जकाती यांचा विचार करतो. गाळाचा करीत नाही. वस्तुतः डोंगरउतारावरचे झाड तुटले की माती सुटते आणि ती खाडीत येऊन बसते. राजवटी बदलल्या तरी गाळ भरतच राहिला.

आगबोटी आल्या तेव्हा या इतिहासाला नवे वळण मिळाले. मुंबईहून दक्षिणेस निघालेला कोकणी प्रवासी बाणकोट, दाभोळ, जयगड, विजयदुर्ग अशी बंदरे ओलांडीत जाई. ही सारी नावे म्हणजे सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री, वाघोटन या नद्यांची मुखेच होत. पण आगबोटीला बरेच पाणी लागे. अनेक ठिकाणी ती बाहेरच उभी राही आणि माणसे, ट्रंका, पोती पडावात उतरवून किनाऱ्याला नेली जात. पावसाळ्यात ही वाहतूक बंद असे. आगबोटीचा कप्तान यंत्राच्या भरवशावर समुद्र कापत असेल, परंतु शेवटचा मैलभर प्रवास पडावाच्या तांडेलाच्याच हाती असे. लाट कोठे फुटते, पाण्याचा रंग कोठे बदलतो, यावरून त्याला वाळू कळे. पंचांगातील तिथीला पाऊणने गुणावे म्हणजे पूर्ण भरतीची ढोबळ वेळ निघते, हे गणित त्याला तोंडपाठ असे: चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमेला अकरा-बाराच्या सुमारास. मुंबईच्या बाजूला हे गणित आजही बरेचसे जुळते.

आम्ही मराठी भाषा शिकवणारी माणसे असल्याने या ज्ञानाचा भाषेत उरलेला ठसा आम्हांस विशेष लक्षणीय वाटतो. उत्साहाला उधाण येते, लोकप्रियतेला ओहोटी लागते, धंदा गाळात जातो. घाटावर जन्म गेलेला, खाडी कधी न पाहिलेला माणूसही हे वाक्प्रचार सहज वापरतो. उधाण हा शब्द सर्वांना ठाऊक. पण त्याचा जोडीदार 'भांग', म्हणजे अष्टमीच्या सुमाराची मंद भरती, हा शब्द किती जणांना ठाऊक असेल? नाट्यमय अर्थाचा शब्द साहित्याने उचलला, आणि उपयोगाचा शब्द किनाऱ्यावरच राहिला. निसर्गाविषयीच्या आपल्या आस्थेचे हे नेमके चित्र आहे: भव्य तेवढे टिपावे, नित्याचे सोडून द्यावे.

१९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली. जलप्रवास त्यापूर्वीच ओसरत चालला होता. गरज म्हणून असलेले त्याचे स्थान संपले आणि तो हौस म्हणून परत आला. पणजीला मांडवीत संध्याकाळी पर्यटकांच्या बोटी फिरतात. त्यांवर नाचगाणे असते आणि बहुतेकांची पाठ नदीकडे असते. २०१८ च्या ऑक्टोबरात मुंबई-गोवा मार्गावर 'आंग्रिया' ही क्रूझ सुरू झाली आणि काही काळ धावली. १३ जानेवारी २०२३ रोजी वाराणसीहून निघालेल्या 'गंगा विलास'चा दिब्रुगढपर्यंतचा ५१ दिवसांचा, सुमारे ३२०० किलोमीटरचा प्रवास तर देशभर गाजला. या जहाजाच्या पहिल्याच सफरीत छपऱ्याजवळ ते काठाला लागले नाही. प्रवाशांना लहान बोटींतून चिरांदचे प्राचीन स्थळ पाहण्यास नेण्यात आले. ही बातमी वाचताना कोकणी माणसाला पडाव न आठवता तरच नवल. जहाज कितीही आलिशान असो, उथळ पाण्याशी त्याची गाठ पडली की शेवटी लहान होडी आणि जाणता नावाडी यांनाच हाक मारावी लागते.

पर्यटनाला नावे ठेवणे हा आमचा उद्देश नाही. ज्या तांडेलाचे कौशल्य निरुपयोगी ठरले होते, त्याच्या नातवाला त्याच पाण्यावर पोट भरता येते, ही लहान गोष्ट नव्हे. प्रश्न दृष्टीचा आहे. गोव्यात कुंभारजुव्याच्या कालव्यात मगरी पाहण्यासाठी बोटी जातात. त्याच मगरीची मातीची प्रतिमा करून पूजण्याची 'मानगे थापणी' ही प्रथा तेथील खाजण शेतकऱ्यांत आहे. शेतकऱ्याला त्या पाण्याशेजारीच शेती करावयाची असते, बांध सांभाळावयाचा असतो. म्हणून त्याने मगरीशी नाते जोडले. होडीतील पाहुण्याला तासाभराने परतावयाचे असते. एकाच प्राण्याकडे पाहणाऱ्या या दोन नजरा आहेत, आणि दुसरीने पहिलीला अजिबात ओळखू नये, हे आम्हांस धोक्याचे वाटते.

हा धोका समजण्यासाठी मुख सोडून डोंगराकडे यावे लागते. दोडामार्ग तालुक्याला समुद्र नाही. १९९९ मध्ये सावंतवाडीतून वेगळा झालेला हा तालुका सह्याद्रीच्या पायथ्याशी आहे आणि तिलारी ही त्याची नदी. ती गोव्यात शिरते, शापोरा हे नाव घेते, पेडणे आणि बारदेश यांची सीमा आखते आणि मोरजीजवळ समुद्राला मिळते. त्या मुखाशी मोरजीच्या वाळूवर ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात. माणसे ती पाहावयास जातात. त्या वाळूचा काही अंश दोडामार्गच्या डोंगरातून आलेला असणार, याचा विचार कोणी क्वचितच करीत असेल. १९९० मध्ये महाराष्ट्र आणि गोवा यांच्यात तिलारी प्रकल्पाचा करार झाला, धरण झाले, शिरंगे, आयनोडे, पाट्ये यांसारखी गावे उठली, आणि कालव्याने पाणी बारदेशापर्यंत पोहोचले. धरण पाणी अडवते तसा गाळही अडवते. खाली नदीपात्रातून वाळू उपसली जाते ती वेगळीच. जी वाळू एके काळी जास्त आली म्हणून बंदरे बुजली, ती उद्या कमी आली म्हणून किनारे खचू शकतात. २०२० मध्ये तिलारीच्या सुमारे २९ चौरस किलोमीटर जंगलाला संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला. ही घटना वन्यप्राण्यांच्या संदर्भात वाचली गेली. पण डोंगराची माती धरून ठेवणारे ते जंगल असल्याने तिचा संबंध मोरजीच्या वाळूशीही आहे.

पेरिप्लसच्या काळातील कोळ्याला, काश्त्रूला, पडावाच्या तांडेलाला नदीचे मुख नीट वाचणे भाग होते, कारण चुकीचे वाचन म्हणजे मृत्यू. आजच्या प्रवाशावर तशी सक्ती नाही; त्याच्या चुकीची किंमत त्याला स्वतःला मोजावी लागत नाही. ती देवबागच्या वाळूपट्टीवर घर असलेल्याला मोजावी लागते, कालव्याच्या पाण्यावर विसंबलेल्या शेतकऱ्याला मोजावी लागते. म्हणून आम्हांस एवढेच सुचवावयाचे आहे की, संगमावर होडी थांबली म्हणजे होडीवाल्याला दोन प्रश्न विचारावेत: आज तिथी कोणती, आणि ही वाळू गेल्या वर्षी कोठे होती? त्याच्याजवळ उत्तरे बहुधा असतात. विचारणारे मात्र फारसे भेटत नाहीत.