चूक कोणाच्या खाती?

दिवाळीच्या आधीचे आठ दिवस म्हणजे कापडदुकानाची वारीच असते. १९९६ साली मी दहावी झालो; आमच्या घरातली वडीलधारी मंडळी तिला मॅट्रिकच म्हणत. पुढे शिकण्याची ऐपत नव्हती. मास्तरकी पदरात पडली ती बऱ्याच वर्षांनी. तोवर पोटापाण्यासाठी मी एका तालुक्याच्या गावी कापडाच्या दुकानात चिकटलो होतो. गठ्ठे सोडायचे, घड्या घालायच्या आणि साड्यांच्या पदराला किमतीच्या चिठ्ठ्या टाचायच्या, हे माझे काम. शेठ किंमत सांगत, मी चिठ्ठीवर उतरवून घेई.

वसुबारसेच्या संध्याकाळी एक म्हातारे शेतकरी आले. बहिणीसाठी भाऊबीजेची साडी हवी होती. पाचपन्नास साड्या उलगडून झाल्यावर त्यांनी एका जांभळ्या साडीवर हात ठेवला, चिठ्ठी डोळ्यांजवळ नेली आणि कोपरीच्या खिशातून घडी घातलेल्या नोटा काढून अडीचशे रुपये मोजून गादीवर ठेवले. शेठनी साडी पाहिली, चिठ्ठी पाहिली आणि मग माझ्याकडे पाहिले. साडी होती ५२० रुपयांची. चिठ्ठीवर माझ्या हातचे अक्षर होते : २५०.

दुकान गिऱ्हाइकांनी भरलेले. सगळ्यांच्या नजरा शेठवर. क्षणभर थांबून ते म्हणाले, "चिठ्ठीवर लिहिलंय ते आमचं तोंड. न्या पाव्हणं, बहिणीला आमचाही नमस्कार सांगा." दुकानात वाहवा झाली. मला तर शेठच्या पाया पडावेसे वाटले.

पाडव्याला पगाराचा हिशेब झाला. वहीत माझ्या नावापुढे महिन्याचे ६०० रुपये जमा होते आणि खाली लाल शाईने लिहिले होते : चुकीबद्दल वजा २७०. मी काही बोलण्याआधीच शेठ म्हणाले, "शब्द दुकानाचा होता, तो दुकानानं पाळला. चूक तुझी होती, ती तू भर."

त्यांचे काही चुकले असे मला त्या वयात म्हणता येईना. बरोबर होते असेही वाटेना. किमतीच्या एवढ्याशा चिठ्ठीमागे केवढा इतिहास दडलेला आहे, हे पुढे वाचनाचा नाद लागल्यावर कळले. तो आज फराळाच्या ताटाबरोबर वाचकांपुढे ठेवतो.

एक काळ असा होता की मालावर चिठ्ठीच नसे, म्हणून चिठ्ठीतली चूकही नसे. किंमत माणूस पाहून ठरे. आपल्याकडच्या जुन्या बाजारांत कापसाचे आणि गुराढोरांचे सौदे हत्ता पद्धतीने होत. दलाल आणि घेणारा रुमालाखाली हात धरीत, बोटे दाबून आकडा सांगत, आणि ज्याचा माल तो शेतकरी शेजारी उभा राहून नुसता रुमाल हललेला पाही. दुकानातही घासाघीस हाच शिरस्ता. तीन सांगायचे, दीडला द्यायचे. तरबेज गिऱ्हाईक स्वस्तात नेई. भिडस्त, अडाणी किंवा परगावचा माणूस नागवला जाई.

यावर पहिला मोठा घाव घातला तो सतराव्या शतकात इंग्लंडातल्या क्वेकर पंथाच्या दुकानदारांनी. त्यांचा पुढारी जॉर्ज फॉक्स याचे म्हणणे असे की, मनात एक किंमत ठेवून तोंडाने दुसरी सांगणे हे सरळसरळ खोटे बोलणे आहे. तेव्हा एकच किंमत सांगावी, आणि ती राजालाही तीच, रंकालाही तीच. आरंभी गिऱ्हाइके बिचकली. घासाघिशीवाचून खरेदी म्हणजे मिठावाचून आमटी. पण हळूहळू लोकांच्या ध्यानात आले की, या दुकानांत लहान मुलाला पाठवले तरी ते फसत नाही, आणि मग त्यांचा धंदा वाढत गेला. दुकानात पाठवलेले लहान मूल ही मला या सबंध इतिहासातली सर्वांत सुंदर कसोटी वाटते.

पुढे १८५२ साली आरिस्तीद बुसिको नावाचा गृहस्थ पॅरिसमधल्या 'बाँ मार्शे' या दुकानात भागीदार म्हणून शिरला आणि त्याने ते दुकान एखाद्या राजवाड्याएवढे वाढवले. प्रत्येक वस्तूवर किंमत लिहिलेली, घासाघीस बंद, न आवडलेला माल परत घेण्याची सोय. एमिल झोला या थोर कादंबरीकाराने १८८३ साली एका भव्य दुकानावर कादंबरी लिहिली, तिच्यासाठी त्याने जे दुकान न्याहाळले ते हेच. तिकडे अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या जॉन वॉनामेकरनेही चिठ्ठीवरच्या एकाच किमतीचा डंका पिटला. आता शेकडो नोकर हजारो अनोळखी माणसांना माल विकू लागले. मालक गादीवर नाही, गिऱ्हाईक ओळखीचे नाही. दोघांमधला शब्द म्हणजे तेवढी चिठ्ठी.

पण चिठ्ठी लिहिणारा हात माणसाचा. तो चुकला तर? दुकानदार त्या आकड्याला बांधलेला आहे काय?

माझी समजूत होती की, आहे. इंग्लंडचा कायदा म्हणतो, नाही. लंडनच्या एजवेअर भागात 'बूट्स' या औषधविक्रेत्या कंपनीने, गिऱ्हाइकाने फळीवरून आपल्या हाताने वस्तू उचलाव्यात, अशी नवी तऱ्हा सुरू केली. त्यावरून तिच्यावर खटला झाला. काही औषधे नोंदणीकृत औषधशास्त्रज्ञाच्या देखरेखीखालीच विकली पाहिजेत, असा कायदा होता. गिऱ्हाइकाने बाटली टोपलीत टाकली तेव्हाच विक्री झाली, की गल्ल्यावर पैसे घेतले तेव्हा, हा वाद. १९५३ साली अपील कोर्टाने सांगितले की, किंमत लावून माल मांडणे हे नुसते आमंत्रण आहे. मागणी घालते ते गिऱ्हाईक, आणि ती मान्य करायची की नाही ते गल्ल्यावर ठरते. ब्रिस्टलच्या एका दुकानदाराने १९५९ साली खटक्याचा चाकू चार शिलिंगांची चिठ्ठी लावून काचेत ठेवला. असा चाकू विक्रीस 'देऊ करणे' हा गुन्हा होता. पण काचेत ठेवणे म्हणजे देऊ करणे नव्हे, या मुद्द्यावर तो दुकानदार सुटला. आपल्या भाषेत सांगायचे तर, दाखवण्याचा कार्यक्रम म्हणजे साखरपुडा नव्हे.

म्हणजे आमच्या शेठनी त्या म्हाताऱ्यांना "चूक झाली, साडी मिळणार नाही" असे सांगितले असते, तर तिकडच्या न्यायाधीशाने त्यांना दोष दिला नसता. त्यांनी शब्द पाळला तो कायद्याच्या धाकाने नव्हे, चार माणसांच्या नजरेने. मात्र चिठ्ठी बंधनकारक नसली, तरी चिठ्ठी दाखवून गिऱ्हाइकाला फसवावे असा तिचा अर्थ नाही. म्हणून १९६८ साली इंग्लंडात कायदा झाला : एक किंमत दाखवून जास्त मागणे हा गुन्हा. आणि या कायद्याखालचा एक खटला माझ्या २७० रुपयांच्या इतका जवळचा निघाला की, तो वाचताना माझा हात आपोआप खिशाकडे गेला.

चेशायरमधल्या नॉर्थविच गावी १९६९ साली 'टेस्को' कंपनीच्या दुकानात जाहिरात लागली होती. 'रेडियंट' नावाची कपडे धुण्याची पावडर, एरवी ३ शिलिंग ११ पेन्सांना मिळणारी, आता २ शिलिंग ११ पेन्सांना. सवलतीचे पुडे संपले. दुकानातल्या एका मुलीने रिकामी फळी पाहून तिथे नेहमीच्या किमतीचे पुडे मांडले, आणि मॅनेजरला सांगितले नाही. मॅनेजरने फळी न तपासताच आपल्या रोजच्या वहीत सवलतीचा माल ठीक असल्याची नोंद केली. एक वृद्ध पेन्शनर जाहिरात वाचून आला. गल्ल्यावर त्याच्याकडून ३ शिलिंग ११ पेन्स घेतले गेले. एका शिलिंगाचा फरक. त्याने तक्रार केली आणि कंपनीला २५ पौंड दंड झाला.

कंपनी लढली. तिचे म्हणणे असे : आमची शेकडो दुकाने. आम्ही देखरेखीची चोख पद्धत घालून दिलेली आहे. चूक केली ती मॅनेजरने. ती आमची नव्हे, 'दुसऱ्या माणसाची'. खालच्या कोर्टांत ती हरली. पण ३१ मार्च १९७१ रोजी हाउस ऑफ लॉर्ड्सने तिचे म्हणणे मान्य केले. कंपनीचे डोके म्हणजे तिचे वरचे अधिकारी. दुकानाचा मॅनेजर हे डोके नव्हे. कंपनी सुटली, दोष मॅनेजरच्या पदरी राहिला. गंमत अशी की, निकाल लागला तेव्हा इंग्लंडात दशमान नाणी येऊन सहा आठवडे उलटले होते आणि ज्या शिलिंगावरून हे रामायण घडले त्याचा हिशेबच जुना झाला होता.

न्यायमूर्तींच्या पंक्तीला बसण्याची माझी योग्यता नाही. कायद्याच्या शब्दांत ते बरोबरच असतील. पण नफा होतो तेव्हा तो हात कंपनीचा आणि चूक होते तेव्हा तोच हात परका, हा हिशेब मी पाडव्याच्या दिवशी लाल शाईत वाचलेला होता.

दशमान नाणी आपल्याकडे इंग्लंडच्या आधी, १ एप्रिल १९५७ रोजी आली. रुपयाचे ६४ पैसे होते, त्याचे १०० नवे पैसे झाले. एक आणा म्हणजे सव्वासहा नवे पैसे; पण पाव पैसा आणायचा कोठून? म्हणून सरकारी कोष्टकात एका आण्याचे ६, दोन आण्यांचे १२ आणि तीन आण्यांचे १९ धरले. एक-एक आण्याच्या तीन वस्तू वेगवेगळ्या घेतल्या तर १८, एकदम घेतल्या तर १९! इथे तर चूक कोणाचीच नव्हती, तरी तो एक पैसा कोणाला तरी भरावा लागे. पुढे १९७७ साली बंद पुड्यांवर काय काय छापावे याचे नियम झाले, आणि १९९० साली सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत छापण्याचे बंधन आले. पुड्यावरच्या त्या आकड्याहून जास्त मागणे हा आज गुन्हा आहे. खेड्यातल्या पोराला दुकानात पाठवण्याइतका भरवसा त्या बारीक छापाने दिला, हे कबूल केले पाहिजे. फॉक्सची कसोटी आपल्याकडे अशी सरकारी नियमाच्या वाटेने आली.

आणि २६ जून १९७४ रोजी अमेरिकेतल्या ओहायोमधल्या ट्रॉय गावी च्युइंगमचे एक पाकीट काळ्या-पांढऱ्या रेघांवरून प्रथमच वाचले गेले. किंमत ६७ सेंट. त्या रेघांत किंमत नसते, फक्त मालाचा क्रमांक असतो. किंमत असते दुकानाच्या संगणकात. तेव्हापासून एका वस्तूला दोन तोंडे झाली. फळीवरची पट्टी एक बोलते, गल्ल्यावरचे यंत्र दुसरे. आजकालच्या बहुतेक चुका या दोन तोंडांच्या मधल्या फटीत पडतात.

अशाच एका फटीत गेल्या दिवाळीच्या तोंडावर मी सापडलो. जिल्ह्याच्या गावचे मोठे दुकान. अभ्यंगाच्या तेलाची बाटली, फळीवर ८५ रुपये, बिलात ११०. मी बोट दाखवले. गल्ल्यावरचा पोरगा सतरा-अठरा वर्षांचा. त्याचा चेहरा उतरला. हळूच म्हणाला, "सर, सवलत काल संपली. पट्टी बदलायची माझ्याकडनं राहिली." तेवढ्यात मॅनेजर आले. पट्टी पाहिली, मागच्या रांगेकडे पाहिले आणि हसून म्हणाले, "पट्टीवर लिहिलंय तेच घेऊ, सर. गिऱ्हाईक महत्त्वाचं." मग त्यांनी त्या मुलाकडे पाहिले. ती नजर मी ओळखली.

"फरक कोणाच्या खाती मांडणार?" मी विचारले.

"ते आमचं आम्ही बघू, सर."

बाटली घेऊन घरी आलो. हक्काने आणली होती, तरी ती २५ रुपयांनी जड वाटत होती. त्या जुन्या पाडव्याला कापलेला पगार आईच्या हाती ठेवला होता, ते आठवले. आईने सगळी हकिगत ऐकून घेतली, नोटा देवापुढे ठेवल्या आणि म्हणाली, "जाऊ दे रे. तुला सख्खी बहीण नाही. त्या म्हाताऱ्याच्या बहिणीला तुझीही भाऊबीज पोचली, असं समज." तिच्या त्या एका वाक्यावर मी इतकी वर्षे ते २७० रुपये विसरून राहिलो होतो. पण या वेळी ओवाळणी घेणारा मीच होतो.

दुसऱ्या दिवशी पुन्हा त्या दुकानात गेलो. तो मुलगा यादी हातात घेऊन फळीवरची एकेक पट्टी तपासत होता, आकडे ओठांतल्या ओठांत पुटपुटत. मी २५ रुपयांचे पाकीट त्याच्या हाती ठेवले आणि म्हटले, "भाऊबीज आहे."

तो गोंधळून म्हणाला, "सर, भाऊबीज तर बहिणीला घालतात."

"बरोबर," मी म्हणालो, "पण कधी कधी चुकून दुसरीकडेही पोचते."