वीस प्रश्नांत माणूस

सहलीची बस अमरावतीहून निघून बडनेरा मागे पडले, की मागच्या बाकांवरून पहिली हाक येते, "सांगा, मी कोण?" एकाने मनात एखादी प्रसिद्ध व्यक्ती धरायची, इतरांनी प्रश्न विचारायचे आणि त्याने फक्त 'हो' किंवा 'नाही' एवढेच म्हणायचे. मूर्तिजापूर येईपर्यंत सात-आठ डाव होतात, अकोल्यापर्यंत एखादे भांडणही. मुले गुंतली आहेत, एवढ्या समाधानावर आपण शिक्षक डोळे मिटतो. खरे तर या खेळाचा इतिहास वर्गात सांगण्याजोगा आहे.

ओळखण्याची चढाओढ आपल्याकडे नवी नाही. कलगी-तुऱ्याच्या सामन्यात एका पक्षाचा शाहीर भेदिक लावणीतून सवाल टाकी. पुराणातले अमुक पात्र कोण, ते कोणाच्या पोटी जन्मले? समोरच्याने जवाब द्यायचा, न आला तर हार. घरातला उखाणाही (नाव घेण्याचा नव्हे, कोड्याचा) याच जातीचा. ज्याने पोथी ऐकलेली नाही, त्याने तिथे गप्प बसावे. 'हो-नाही'च्या खेळात मात्र कमी माहिती असलेल्यालाही वाव आहे, कारण तिथे विचारण्याचे कौशल्य उपयोगी पडते.

हा खेळ इंग्लंडात एकोणिसाव्या शतकात घरोघरी खेळला जाई. चार्ल्स डिकन्सच्या १८४३ सालच्या 'अ ख्रिसमस कॅरोल' या कथेत तो आहे. भाचा मनात काहीतरी धरतो. तो प्राणी आहे, जिवंत आहे, गुरगुरतो, लंडनमध्ये राहतो. पण घोडा नाही, वाघ नाही, अस्वलही नाही. उत्तर निघते, त्याचा खडूस मामा स्क्रूज! त्यावर काही पाहुण्यांची तक्रार अशी, की 'अस्वल आहे का?' याचे उत्तर 'हो' असेच द्यायला हवे होते. ही तक्रार लक्षात ठेवा, तिच्याकडे पुन्हा येऊ.

पुढे १९४६ मध्ये अमेरिकेत आणि १९४७ मध्ये बीबीसीवर हा खेळ 'ट्वेंटी क्वेश्चन्स' या नावाने रेडिओवर आला. सुरुवातीलाच सांगत, वस्तू प्राणिज आहे, वनस्पतिज की खनिज. हे लिनियसने १७३५ मध्ये मांडलेले सृष्टीचे तीन विभाग. १९४८ मध्ये क्लॉड शॅनन या अमेरिकी गणितज्ञाने माहिती मोजण्याचे शास्त्र मांडले. दोन सारख्याच शक्यतांपैकी एक निश्चित करणारे उत्तर म्हणजे एक 'बिट' माहिती. प्रत्येक प्रश्नाने यादी बरोबर निम्मी झाली, तर ३२ नावांना ५ प्रश्न पुरतात आणि २० प्रश्नांत १०,४८,५७६ नावांतून एक निवडता येते.

हे फळ्यावर करून पाहता येईल. वऱ्हाडातली आठ नावे घेऊ. महदंबा, दादासाहेब खापर्डे, गाडगे महाराज, गुलाबराव महाराज, ब्रिजलाल बियाणी, पंजाबराव देशमुख, तुकडोजी महाराज आणि सुरेश भट. पहिला प्रश्न, "तुमचा जन्म १८९० पूर्वीचा का?" 'हो' म्हटले तर पहिली चार उरतात. "१९२० साली हयात होतात का?" 'हो' म्हटले तर खापर्डे आणि गाडगे महाराज. "वकिली केलीत का?" संपले! तीनच प्रश्न लागले. 'नाही'च्या वाटेने गेल्यास "तुम्ही रचलेले शब्द लोक गातात का?" हा प्रश्न तुकडोजी महाराज आणि सुरेश भट यांना एका बाजूला काढतो.

मुले मात्र उठल्याबरोबर विचारतात, "देशाचे कृषिमंत्री होतात का?" लागला तर टाळ्या, पण आठांत एकदाच लागणार. "स्त्री आहात का?" याचेही तेच होते. नटनट्यांच्या यादीत हा प्रश्न उत्तम. वरच्या यादीत 'नाही' आले की सात नावे उरतात. इथे दोष प्रश्नाचा नसून यादी करणाऱ्याचा, म्हणजे माझा आहे.

आता डिकन्सचे अस्वल. "लेखक आहात का?" असे विचारले तर खापर्ड्यांच्या जागी बसलेल्या मुलाने काय म्हणावे? ते अमरावतीचे वकील आणि टिळकांचे सहकारी, पण त्यांच्या रोजनिशीही प्रसिद्ध आहेत. 'हो' आणि 'नाही' दोन्ही खरे, आणि एक उत्तर वाकडे गेले की पुढचे सगळे चोख प्रश्न वाया. २००७ मध्ये फ्रान्समध्ये निघालेल्या 'अकिनेटर' या संगणकी खेळात म्हणूनच 'कदाचित' आणि 'माहीत नाही' या उत्तरांचीही सोय आहे. तो खेळणाऱ्यांच्या उत्तरांतूनच शिकतो, म्हणजे ज्यांना कोणी मनात धरत नाही ती माणसे त्याला कशी ठाऊक होणार?

आमच्या एका सहलीत आठवीतल्या मुलीने महदंबा मनात धरली. मुलांनी प्रश्न शिस्तीत विचारले. स्त्री? हो. आज हयात? नाही. गेल्या दोनशे वर्षांतली? नाही. लढाई केली? नाही. काव्य रचले? हो. मराठीत? हो. मुक्ताबाई? नाही. जनाबाई? नाही. मग बस शांत झाली. प्रश्न चुकले नव्हते, पण निम्मे-निम्मे करायला यादीत नावच नव्हते. शेवटी तिनेच सांगितले. महानुभाव पंथाची, तेराव्या शतकातली, आद्य मराठी कवयित्री म्हणून ओळखली जाणारी महदंबा. तिने 'धवळे' रचले ते रिद्धपूरला, अमरावतीपासून मोर्शीच्या बाजूला. एक मुलगा म्हणाला, "माझ्या मामाचं गाव आहे ते."

परतीच्या वाटेवर तिघांनी महदंबाच धरली. दुसऱ्या प्रश्नालाच सारे ओरडले.