रुळावरच्या मिनिटांची वाटणी

रेल्वेचे वेळापत्रक आखणाऱ्याच्या टेबलावर पूर्वी एक लांबरुंद तक्ता पसरलेला असे. उभ्या बाजूला एकाखाली एक स्टेशनांची नावे, आडव्या बाजूला दिवसाचे तास आणि मध्ये तिरप्या रेघांचे जाळे. एक रेघ म्हणजे एक गाडी. रेघ जितकी उभी, तितकी गाडी वेगवान; रेघ आडवी झाली की गाडी फलाटाला लागलेली आहे असे समजायचे. 19व्या शतकाच्या उत्तरार्धात फ्रेंच शास्त्रज्ञ एतिएन-ज्यूल मारे यांनी आलेखांवरच्या आपल्या ग्रंथात पॅरिस-लिआँ मार्गाचा असा तक्ता छापला आणि त्याचे श्रेय इब्री या इंजिनिअरला दिले. आज हेच काम संगणकावर चालते, पण रेघा त्याच आहेत. रेल्वेतली माणसे अशा एका रेघेला ‘पाथ’ म्हणतात. सगळ्या गाड्या सारख्याच वेगाच्या असतील तर रेघा समांतर बसतात आणि रुळांवर पुष्कळ गाड्या मावतात. त्यांच्यात एक जलद गाडी शिरली, की संथ मालगाडीला लूप लाइनवर घेऊन तिला वाट करून द्यावी लागते आणि आजूबाजूचे काही पाथ वाया जातात. ही रेघ कोणी ओढायची आणि ओढण्याआधी कोणाकोणाला विचारायचे, या प्रश्नावर युरोपातली रेल्वेवाली मंडळी दीडशे वर्षे एका टेबलाभोवती बसत आली आहेत.

सरहद्दीपलीकडे जाणाऱ्या गाड्यांची वेळापत्रके जुळवण्यासाठी पहिली परिषद 1872 साली कोलोन शहरात भरली. तेव्हा घड्याळेसुद्धा एक नव्हती. बर्लिनची वेळ वेगळी, म्युनिकची वेगळी, श्टुटगार्टची आणि कार्ल्सरूहेची त्याहून वेगळी. फ्रान्समध्ये तर रेल्वेची घड्याळे पॅरिसच्या वेळेपेक्षा मुद्दाम पाच मिनिटे मागे ठेवत आणि ही पद्धत 1911 पर्यंत टिकली. म्हातारे सेनापती हेल्मुट फॉन मोल्टके यांनी मार्च 1891 मध्ये जर्मन संसदेत उभे राहून संपूर्ण देशाला एकच वेळ हवी असा आग्रह धरला. पुढच्याच महिन्यात ते वारले. 1 एप्रिल 1893 पासून जर्मनीत एक वेळ लागू झाली.

कोलोनपासून सुरू झालेल्या परिषदांना रेल्वे कंपन्यांचे आणि सरकारी रेल्वेखात्यांचे अधिकारी जमत. तुमची गाडी आमच्या सरहद्दीच्या स्टेशनावर अमुक वाजता आली तर आम्ही ती अमुक मिनिटांनी पुढे नेऊ, असे जोडीजोडीने ठरे. रूळ, इंजिन, गाडी आणि वेळापत्रक या सगळ्याचा मालक एकच असल्यामुळे बाहेरच्या कोणाला विचारण्याचा प्रश्न नव्हता. प्रवासी आणि व्यापारी यांना वेळापत्रक छापून झाल्यावर कळायचे. याच परंपरेतून आलेल्या आजच्या संस्थेचे नाव फोरम ट्रेन युरोप. तिचे ठाणे बर्नमध्ये आहे.

या व्यवस्थेत एक पाहुणा मात्र लवकरच शिरला. बेल्जियमच्या जॉर्ज नागेलमाकर्स यांच्याकडे झोपण्याचे आणि जेवणाचे देखणे डबे होते, पण स्वतःचे रूळ नव्हते, इंजिने नव्हती. 4 ऑक्टोबर 1883 रोजी त्यांची ओरिएंट एक्सप्रेस पॅरिसहून सुटली. वाटेतल्या प्रत्येक रेल्वेशी त्यांना स्वतंत्र करार करावे लागले होते. एवढे करूनही रूळ कॉन्स्टँटिनोपलपर्यंत सलग नव्हते. प्रवाशांनी जुर्जूला डॅन्यूब नदी ओलांडली, पलीकडे रुसेहून दुसऱ्या गाडीने वार्ना गाठले आणि उरलेला प्रवास बोटीने केला. दुसऱ्याच्या रुळांवरून आपली गाडी न्यायची परवानगी मागणारा माणूस, ही नागेलमाकर्स यांची भूमिका शंभर वर्षांनी सगळ्या युरोपात नियम होऊन बसली.

ही मागणी कायद्यात आली 1991 साली. स्वीडनने 1988 मध्येच रूळ एका संस्थेकडे आणि गाड्या दुसरीकडे अशी फाळणी केली होती. 1991च्या युरोपीय निर्देशाने सगळ्या सदस्य देशांना निदान या दोन्हींचे हिशेब वेगळे ठेवायला लावले. रुळांचा सांभाळ करणारा एक आणि त्यावर गाड्या चालवणारे अनेक, अशी रचना हळूहळू उभी राहिली. जो काल घरातलाच होता तो आता अर्जदार झाला. मग वाटणी न्याय्य आहे हे दाखवणे भाग पडले आणि दाखवायचे तर आधी विचारणे आले.

2012च्या निर्देशात याची पद्धत स्पष्ट लिहिली आहे. रुळांच्या व्यवस्थापकाने वेळापत्रकाचा मसुदा संबंधितांपुढे ठेवायचा आणि मत मांडायला त्यांना किमान एक महिना द्यायचा. संबंधित म्हणजे फक्त अर्ज करणाऱ्या कंपन्या नव्हेत. वेळापत्रकामुळे ज्यांच्या मालवाहतुकीच्या किंवा प्रवासाच्या सोयीवर परिणाम होईल आणि ज्यांना बोलायचे आहे, अशांनाही दार उघडे. कोलोनच्या टेबलापासून इथपर्यंतचा हा पल्ला खरोखर मोठा आहे.

स्वित्झर्लंड युरोपीय संघाबाहेरचा, पण विचारण्याच्या बाबतीत तो सगळ्यांच्या पुढे गेला आहे. 23 मे 1982 पासून तिथे देशभर ठरावीक अंतराने धावणाऱ्या गाड्यांचे वेळापत्रक आले. दर तासाला त्याच मिनिटाला गाडी. ‘बान 2000’ ही पुढची योजना डिसेंबर 1987 मध्ये थेट जनतेच्या मतदानाला टाकली गेली आणि मंजूर झाली. आधी वेळापत्रक ठरवायचे आणि त्याला लागतील तेवढेच नवे रूळ टाकायचे, हा तिचा गाभा. 12 डिसेंबर 2004 रोजी मॅटश्टेटेन-रोटरिस्ट हा नवा मार्ग धरून सगळे वेळापत्रक एका रात्रीत बदलले आणि बर्न-झुरिक प्रवास तासाच्या आत आला. त्याहून मोलाची गोष्ट दरवर्षी घडते. पुढच्या वर्षाच्या वेळापत्रकाचा मसुदा उन्हाळ्याच्या तोंडावर लोकांसमोर ठेवतात आणि खेड्यातली शिक्षिकासुद्धा आपल्या कँटनच्या वाहतूक खात्याला लिहू शकते की माझी बस गाडी सुटल्यावर पोचते. अशा सूचना गोळा करून त्यांची तड लावणे हे कँटनचे काम असते.

युरोपात 2002 पासून वार्षिक वेळापत्रक डिसेंबरच्या दुसऱ्या शनिवारी मध्यरात्री बदलते. त्यासाठीचे अर्ज आदल्या एप्रिलमध्ये द्यावे लागतात आणि मसुदा जुलैत हाती येतो. प्रवासी गाडीला हे परवडते. सकाळची गाडी वर्षभर सकाळीच हवी असते. मालगाडीचे तसे नसते. नोव्हेंबरात पोलाद किती न्यायचे, हे कारखान्याला आदल्या वर्षीच्या एप्रिलमध्ये कुठून ठाऊक असणार? ऑर्डर हाती येते तेव्हा चांगले पाथ वाटून झालेले असतात. कालव्याच्या शेवटच्या टोकाला ज्याचे शेत आहे त्याला ही पाळीची व्यथा समजावून सांगावी लागणार नाही. त्यातून युरोपातली जवळपास निम्मी रेल्वे मालवाहतूक सरहद्द ओलांडते, म्हणजे एकाच गाडीसाठी दोन, तीन, कधी चार देशांत रेघ जुळवायची. म्हणूनच 2004 मध्ये रुळांच्या व्यवस्थापकांनी एकत्र येऊन व्हिएन्नात रेलनेटयुरोप स्थापन केली. 2010च्या नियमाने रॉटरडॅम-जेनोआसारखे मालवाहतुकीचे मार्ग आखले आणि प्रत्येक मार्गाला दोन सल्लागार गट जोडले, एक टर्मिनलवाल्यांचा आणि एक गाड्या चालवणाऱ्यांचा.

सल्ला घेण्याची ही यंत्रणा किती तोकडी होती, ते 12 ऑगस्ट 2017 रोजी राश्टाटला दिसले. जर्मनीतल्या ऱ्हाईन खोऱ्यातल्या या गावाखाली नव्या बोगद्याचे काम चालू होते. माती गोठवून, चालू रुळांच्या अगदी खालून खोदकाम होत होते. त्या शनिवारी वरचे रूळ खचले. सुदैवाने कोणी दगावले नाही, पण कार्ल्सरूहे-बाझल हा मार्ग बंद पडला. रॉटरडॅम ते जेनोआ या धमनीवरचा हा तुकडा, रोज दोनशेच्या आसपास मालगाड्यांचा. बोगदा सावरण्यासाठी खोदाईचे अवाढव्य यंत्र आत असतानाच त्यात काँक्रीट ओतावे लागले.

वळणमार्ग नकाशावर होते. शेजारी फ्रान्समध्ये रूळ होते, पण फ्रेंच रुळांवर गाडी चालवायला मार्गाची माहिती असलेला आणि फ्रेंच बोलणारा चालक लागतो, आणि असे चालक मूठभरच होते. कोणत्या गाडीला आधी सोडायचे, कोणत्या देशाने किती पाथ मोकळे करायचे, याचा आधी करून ठेवलेला सरहद्दीपारचा करारच नव्हता. मार्ग 2 ऑक्टोबरला सुरू झाला. त्या 51 दिवसांत कंटेनर बंदरांत आणि टर्मिनलवर साचले, माल ट्रकवर गेला. मालवाहतूकदारांच्या संघटनांनी करवून घेतलेल्या अभ्यासात नुकसानीचा आकडा 2 अब्ज युरोंच्या वर निघाला. 2018 मध्ये आंतरराष्ट्रीय आपत्कालीन व्यवस्थेची पुस्तिका तयार झाली: मार्ग बंद पडला तर पुढाकार कोणाचा, वळणमार्ग कोणते, कळवायचे कोणाला. जे साध्या बैठकीत आधीच ठरवता आले असते त्याची एवढी किंमत द्यावी लागली, याची हळहळ आजही वाटते.

अपघात सोडा, ठरवून केलेल्या बंदीतही हाच प्रश्न येतो. मुंबईकर रविवारचा मेगाब्लॉक जाणतो. फ्रँकफर्ट-मॅनहाइम हा जर्मनीतला अत्यंत गजबजलेला मार्ग नूतनीकरणासाठी 15 जुलै 2024 पासून सलग पाच महिने बंद होता. एवढ्या गाड्या दुसरीकडून न्यायच्या तर शेजारच्या देशांना आणि ग्राहकांना वर्षानुवर्षे आधी विश्वासात घ्यावे लागते.

रेलनेटयुरोप आणि फोरम ट्रेन युरोप यांनी मिळून चालवलेला वेळापत्रकाच्या फेररचनेचा कार्यक्रम नेमके हेच सांगतो. पाच वर्षे आधी रुळांच्या वापराचे धोरण मांडायचे, तीन वर्षे आधीपासून त्याचा आराखडा करायचा, मोठी कामे त्यातच दाखवायची आणि काही पाथ उशिरा येणाऱ्या मालगाड्यांसाठी राखून ठेवायचे. 11 जुलै 2023 रोजी युरोपीय आयोगाने याच धर्तीवर नव्या नियमाचा प्रस्ताव आणला. त्यात प्रत्येक टप्प्यावर गाड्या चालवणाऱ्यांशी सल्लामसलत बंधनकारक केली आहे. मार्च 2024 मध्ये युरोपीय संसदेने आणि जूनमध्ये मंत्र्यांच्या परिषदेने आपापली भूमिका ठरवली. परिषदेतल्या सरकारांना आपल्या रुळांवर कोणाला अग्रक्रम द्यायचा हे ठरवण्याची मुभा हवी होती; मालवाहतूकदारांना भीती अशी, की सत्तावीस देशांनी सत्तावीस अग्रक्रम लावले तर सरहद्दीवर रेघ पुन्हा तुटणार.

प्रस्तावातली एक तरतूद फारशी चर्चेत येत नाही, पण खरी कसोटी तिथेच आहे. दिलेला पाथ व्यवस्थापकाने नंतर बदलला किंवा काढून घेतला तर भरपाई द्यायची आणि अर्जदाराने घेतलेला पाथ वापरलाच नाही तर त्यानेही भुर्दंड सोसायचा. आजवर मत मांडायला महिनाभर मिळे, पण ते मत न मानल्याची झळ व्यवस्थापकाला फारशी लागत नसे. मालवाहतूकदार या कलमासाठी हटून बसले असतील, तर त्यांचे म्हणणे रास्तच आहे.